घूं आवाजाचा शोध

श्रोतेहो, आमची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. १९९३ साली आम्ही तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरीच जुळवला. द्वारसभेत तो असा घुमला की कराराची कलमे मागच्या रांगांना ऐकूच गेली नाहीत, आणि न ऐकलेल्या करारावर हात वर झाले! ते आम्हांला अजून बोचते.

दोष शोधताना आधी कान द्यावा. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५०. घूं १०० चा व खरखरीत असेल, तर बहुधा फिल्टरचा कंडेन्सर सुकलेला. (त्याला हात लावण्यापूर्वी रेझिस्टरमधून तो रिकामा करावा, वीज बंद केल्यावरही त्यात शेकडो व्होल्ट राहतात.) आमचा घूं ५० चा, जाडा. आवाजाची कळ शून्यावर आणताच तो थांबला. म्हणजे दोष कळीच्या अलीकडे, पहिल्या व्हॉल्व्हपाशी. पाहतो तो हीटरच्या तारा ग्रिडच्या तारेला खेटून गेलेल्या! त्यांना एकमेकींभोवती पीळ दिला, चासीच्या कोपऱ्यातून नेले, घूं गेला.

पुढच्या सभेत आम्ही कलमे पुन्हा वाचली. या खेपेस मागच्या रांगांतून प्रश्न आले.