दांतावरची नवी कॅप

मोसम नदीच्या कांठचें नामपूर हें बागलाणांतील बाजाराचें गांव. कांदा-डाळिंबाच्या हंगामांत तेथील शेतकऱ्याला एक दिवस मोडणेंही जड जातें. असा एखादा गृहस्थ किडलेल्या दाढेवर कॅप बसवून घेतो, पैसे मोजतो, घरीं येऊन बाजरीच्या भाकरीचा घास घेतो, तोंच दाढ खटकते. ‘बसेल हळूहळू,’ असें घरचीं माणसें म्हणतात. डॉक्टरांना पुन्हां त्रास कसा द्यावा, हा संकोच असतोच. मग तो दुसऱ्या बाजूनें चावूं लागतो आणि तक्रार मनांतच राहते.

ही तक्रार वेळेवर बोलून दाखविणें कां अगत्याचें आहे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. कॅपसाठीं दाढ सर्व बाजूंनीं सुमारें एक ते दोन मिलिमीटर घासावी लागते. मग माप घेऊन कॅप बाहेर कार्यशाळेंत तयार होते. ओतारी मेणाच्या नमुन्यावरून मूर्ति ओततो. त्याच तत्त्वावर १९०७ सालीं शिकागोचे विल्यम टॅगर्ट यांनीं दांतांत बसवावयाचे सोन्याचे भराव ओतण्याची रीत पुढें आणली. आज झिर्कोनियाची कॅप यंत्र कोरतें. परंतु साधन कोणतेंही असो, वस्तु तोंडाबाहेर घडते आणि तिची खरी परीक्षा तोंडांत होते. तेव्हां थोडी दुरुस्ती लागली, तर त्यांत कोणाचा कमीपणा नाहीं. घासलेला दांत मात्र पुन्हां वाढत नाहीं. म्हणून उरलेला भाग जपलाच पाहिजे.

सर्वांत नेहमींचा दोष म्हणजे कॅप उंच होणें. इंजेक्शननें जबडा बधिर असतां रोग्याला तें कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कळतें. केसाच्या जाडीएवढी उंचीही दाढेला सलते. डॉक्टर रंगीत कागद चाववून डाग पाहतात आणि तेवढाच भाग घासतात. काम कांहीं मिनिटांचें असतें. तें टाळल्यास दाढ ठणकते, कधीं कॅपचें पोर्सलीन तडकतें. घरीं कानशीनें घासण्याचा उद्योग मात्र कोणीं करूं नये.

थंड पाण्याची कळ कांहीं दिवसांत कमी होत गेली, तर काळजीचें कारण नाहीं. रात्रीं आपोआप ठणका लागला किंवा कळ बराच वेळ टिकली, तर आंतील नस सुजली असण्याचा संभव असतो. पुष्कळदां कॅपमधून भोंक पाडून रूट कॅनाल करतां येतो.

शेजारच्या फटींत अन्न अडकूं लागलें, तर तो दोष काडीनें कोरून जात नाहीं. बहुधा कॅप पुन्हां करावी लागते. रूट कॅनाल झालेल्या दाढेला तर खालीं कीड लागली तरी वेदना होत नाहीं, म्हणून हा दोष तेथें अधिक घातक ठरतो.

रंगाची तक्रार बसविण्यापूर्वींच करावी. पक्क्या सिमेंटनें बसविलेली कॅप काढतांना बहुधा कापावी लागते. म्हणून आधीं आरसा घेऊन दिवसाच्या उजेडांत पाहावें आणि मन साशंक असल्यास तात्पुरत्या सिमेंटनें बसविण्याविषयीं विचारावें.

तक्रार सांगतांना केव्हां, काय खातांना आणि किती वेळ दुखतें, हें नेमकें सांगावें. पावती, क्ष-किरण चित्र आणि कॅपचें हमीपत्र जपून ठेवावें. तरीही समाधान न झाल्यास सटाणा, मालेगांव किंवा नाशिक येथें दुसऱ्या दंतवैद्याचें मत घ्यावें. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेंत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणें आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार नेतां येते. परंतु तो शेवटचा मार्ग होय. बहुतेक तंटे त्याच खुर्चींत, त्याच रंगीत कागदानें मिटतात. त्यासाठीं रोग्यानें पहिल्या आठवड्यांत तेथें परत जावें आणि डॉक्टरांनीं त्याचें म्हणणें शांतपणें ऐकावें, एवढेंच पाहिजे.