वारा पडल्यावर

1968 सालच्या 14 जूनला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून शिडाची एक बोट बाहेर पडली. लांबी 32 फूट, माणूस एकच. माणसाचं नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आणि बोटीचं नाव सुहैली. ही सुहैली सागवानाची, आणि बांधलेली आपल्या मुंबईत, कुलाब्याला. कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीला शिडावर वळसा घालायच्या त्या शर्यतीत नऊजण उतरले होते. शर्यत पुरी केली ती एकट्या सुहैलीनं, 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी.

या सफरीतल्या वादळांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. पण बोटी बाळगणाऱ्या माणसांना आवडते ती एक अगदी बारीक गोष्ट. भर समुद्रात बॅटऱ्या चार्ज करणारं छोटं इंजिन बंद पडलं. त्याच्या मॅग्नेटोमधली फट नेमकी बसवायला हवी होती. गॅरेजमध्ये त्यासाठी पातळ पट्ट्यांचं फीलर गेज असतं, ते बोटीवर नव्हतं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी एक पुस्तक घेतलं आणि एक इंच जाडीत किती पानं बसतात ते मोजलं. 200 भरली. म्हणजे एक पान पाच हजारांश इंच, मेकॅनिकच्या भाषेत पाच थाऊ. तीन पानं म्हणजे पंधरा. काम झालं.

आता शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं कुणी विचारील. वारा पडतो तेव्हा लागतं. धक्क्याला लागताना, गर्दीच्या बंदरातून वाट काढताना, खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ उलटी असताना लागतं. आणि रोजच्या रोज लागतं ते दिव्यांसाठी, वायरलेससाठी, बॅटऱ्या भरण्यासाठी. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. ट्रकचं इंजिन रोज धावतं म्हणून धडधाकट राहतं. यॉटचं इंजिन मात्र आठवड्यातले सहा दिवस खारट दमट अंधारात पडून असतं, सातव्या दिवशी वीस मिनिटं चालतं आणि धड तापायच्या आत बंद होतं. वापरून झिजण्यापेक्षा पडून राहूनच ते जास्त बिघडतं.

यॉटवरचं हे इंजिन बहुधा डिझेलचं असतं, आणि त्याचा जनक रुडॉल्फ डिझेल. 1913 सालच्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या आगबोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला आणि पुढे त्याचा देहच समुद्रात सापडला. त्याची कल्पना मात्र समुद्रावर चांगलीच रुजली, आणि त्याला कारण आहे. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. आत घेतलेली हवा सुमारे विसाव्या हिश्श्यात दाबली, की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळात जाऊन बसते आणि एखाद्या स्विचच्या ठिणगीची वाट पाहते. डिझेलची अशी वाफ आपल्या हवामानात सहजी होत नाही. स्वयंपाकाचा गॅस मात्र पेट्रोलसारखाच तळाशी उतरतो. म्हणून बोटीवर चहा झाला की शेगडीचं बटण फिरवून भागत नाही, सिलिंडरची चावीही बंद करावी लागते.

डिझेल इंजिनाच्या गरजा मोजक्या: स्वच्छ डिझेल, हवा आणि थंड पाणी. पण यातल्या प्रत्येक गोष्टीत समुद्र नाक खुपसतो.

डिझेलचंच पाहू. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, आणि वरच्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन भिंतींवरून ओघळतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात, नेमक्या त्या पातळीवर सूक्ष्म जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि काळपट बुळबुळीत गाळ धरतो. बोट शांत पाण्यात उभी असेपर्यंत हा गाळ तळाशी गुमान असतो. वारा उठला, लाटा वाढल्या, बोट डोलायला लागली, की टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. इंजिन नेमकं खवळलेल्या समुद्रातच का बंद पडतं, याचं उत्तर नशिबात शोधायची गरज नाही, ते टाकीच्या तळाशी असतं.

यावर उपाय साधे आहेत. बोट उभी ठेवताना टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर असतो. त्याच्या खालच्या पारदर्शक वाटीत पाण्याचा थेंब दिसला की तळाची तोटी सोडून तो काढून टाकायचा. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, आणि इंजिननं एकदा ‘एअर धरली’ की सेल्फ कितीही मारला तरी ते फुरफुरून गप्प बसतं. मग हातपंपाचा छोटा दांडा हलवत, स्क्रू सैल करून, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत एअर काढत बसायचं. हे काम धक्क्याला, सकाळच्या उजेडात, चहाचा कप बाजूला ठेवून दोनदा करून पाहिलेलं बरं. पहिला प्रयोग रात्री, ओकारीच्या उमाळ्यात, बॅटरी दातात धरून करण्याची हौस कुणाला नसावी.

सेल्फ मारत राहण्यात आणखी एक मेख आहे, आणि ती ठाऊक नसल्यानं चांगली इंजिनं वाया गेली आहेत. बोटीच्या इंजिनात थंड करणारं समुद्राचं पाणी शेवटी धुराच्या नळीत सोडलेलं असतं. इंजिन चालू असलं तर धूर त्या पाण्याला बाहेर ढकलतो. इंजिन सुरूच होत नाही आणि सेल्फ फिरतोच आहे, अशा वेळी पंप पाणी ओढत राहतो, धुराचा जोर मात्र नसतो. नळी भरते आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही, तर आधी समुद्राच्या पाण्याची चावी बंद करायची. इंजिन लागलं की लगेच उघडायची. ही दुसरी पायरी विसरणारेही पुष्कळ.

पाणी समुद्रातून जाळीतून येतं, तिथून पंपात. पंपाच्या पोटात रबराचं एक चक्र असतं, काळ्या पाकळ्यांच्या फुलासारखं. त्याला इम्पेलर म्हणतात. पाणी हेच त्याचं वंगण. कोरडं फिरलं तर मिनिट-दोन मिनिटांत पाकळ्या फाटतात, आणि तुटलेले तुकडे पुढे जाऊन नळ्यांत अडकतात. जाळीत प्लास्टिकची पिशवी बसली तरी हेच. मुंबईच्या बंदरात तरंगणाऱ्या पिशव्या पाहिल्या, तर ही काही दुर्मीळ घटना नाही. त्यामुळे सराईत खलाशी इंजिन लागल्याबरोबर काटे नंतर बघतो, आधी बोटीच्या मागे वाकून धुराच्या नळीतून पाणी थुंकतंय ना ते पाहतो. ते थांबलं, की बोटीवरच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायच्या आत इंजिन बंद करायचं.

पाणी आत घ्यायला बोटीला भोकं पाडावी लागतात. इंजिनासाठी एक, संडासाला, बेसिनला, आणि बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर जातो ते वेगळं. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. हातपंप मारणारा माणूस त्यापुढे किती टिकणार? म्हणून प्रत्येक भोकावर चावी, ती चावी महिन्यातून एकदा फिरवून मोकळी ठेवलेली, आणि शेजारी सुतळीनं बांधलेली निमुळती लाकडी खुंटी. नळी निसटली, चावी तुटली, की खुंटी ठोकायची. पाचशे वर्षांपूर्वीच्या खलाशालाही हा उपाय समजला असता.

धातूंचं दुखणं मात्र वेगळं. खाऱ्या पाण्यात पितळ, पोलाद, काशाचा पंखा असे निरनिराळे धातू जवळजवळ राहिले, की त्यांची नकळत बॅटरी होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. यावरचा तोडगा 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलासाठी काढला. जहाजांच्या तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला त्यांनी जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. जस्त झिजलं, तांबं वाचलं. गंमत अशी की तांबं विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर शिंपले मजेत वाढू लागले आणि जहाजं मंदावली! तांब्याच्या पत्र्यांसाठी नौदलानं तो नाद सोडला, पण जस्ताचे गोळे आजही यॉटच्या दांड्यावर आणि इंजिनाच्या पोटात असतात. ते निम्मे झिजले की बदलायचे. वर्षभरात अजिबात झिजले नाहीत तर खूश व्हायचं कारण नाही. जोडणी तुटली असेल, आणि मग झिजतंय ते दुसरंच काहीतरी.

आता खाडीच्या तोंडाशी या. कोकणातल्या कित्येक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे. वारा पडला आहे, शिडं गुंडाळून झाकून ठेवली आहेत, बोट इंजिनावर आत शिरते आहे. डावीकडे खडप. इंजिन दोनदा अडखळतं आणि बंद. नवखा माणूस पाना घेऊन खाली धावतो. जाणता धावत नाही, तो नांगर टाकतो. पण त्यासाठी बंदरात शिरायच्या आधीच नांगराचा दोर मोकळा केलेला हवा आणि शिडाचं आवरण काढलेलं हवं. दुरुस्ती नंतर, नांगरावर उभं राहून. बंद पडायचं कारण डिझेलच असेल असंही नाही. बाजूनं लोंबकळणारा स्वतःचाच दोर पंख्यात गेलेला असतो, किंवा किनाऱ्याजवळ मासेमारीचं जाळं. इंजिन सुरू करण्यापूर्वी सगळे दोर आत आहेत का, हे एकदा मोजून पाहणं ही दहा सेकंदांची गोष्ट आहे. माणूस पाण्यात पडला असेल तर त्याच्याजवळ जाताना गिअर काढून टाकायचा, कारण तोच पंखा आता त्याच्या पायांशी असतो. आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं, तर वायरलेसचं चॅनल 16 आणि भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा दूरध्वनी क्रमांक सुकाणूजवळ ठळक लिहिलेला असावा.

पण या सगळ्याआधी बोट आतून ठाऊक हवी, आणि त्यावरून दिलीप दोंदे यांची गोष्ट आठवते. एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. सातारा जिल्ह्यातल्या फलटणजवळच्या विंचुर्णीला राहून त्यांनी या मोहिमेचा पाठपुरावा केला. नौदल अधिकारी असलेले दोंदे 2006 साली गेले कुणाकडे? नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच. स्पेनमधल्या बिल्बाओ बंदरात ते दुसऱ्या एका शर्यतीच्या तयारीत होते. तिथे दोंदे यांनी मदतनीस म्हणून पडेल ते काम केलं. मग गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली, तेव्हा ते तिथेच असत. सुहैलीही तिच्या मालकाच्या डोळ्यांदेखत बांधली गेली होती. कुठली नळी कुठल्या फळीमागून जाते, हे या दोघांना नकाशा पाहून शोधावं लागत नसे. 19 ऑगस्ट 2009 रोजी दोंदे मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेऊन मे 2010 मध्ये परतले. पुढे त्याच म्हादेईवर अभिलाष टॉमी नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता मार्चअखेर परत आले.

तयार बोट विकत घेणाऱ्याला ही संधी मिळत नाही. त्यानं एका रविवारी समुद्रावर न जाता बोटीतच रांगावं. समुद्राच्या चावीपासून हाताचं बोट नळीवरून फिरवत निघावं, जाळी, पंप, धुराची नळी असं करत पार मागच्या भोकापर्यंत यावं. मग तसंच डिझेलच्या टाकीपासून. वाटेत गंजलेली क्लिप, घट्ट झालेली चावी, कुठे तेलाचा डाग सापडतोच.

मुंबईत हे सगळं करायला मे महिना असतो. गेटवेसमोर नांगरलेल्या यॉट पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढतात. जुनं ऑइल तेव्हाच बदलायचं, कारण काळ्या झालेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं आणि चार महिने ते बेअरिंगना चाटत बसतं. थंड करणाऱ्या नळ्यांतून गोडं पाणी खेळवून मीठ धुवायचं. टाकी भरायची. मधूनमधून इंजिन हातानं थोडं फिरवायचं, म्हणजे सिलिंडर आतून धरत नाहीत. आणि पंपातला इम्पेलर काढून ठेवायचा, कारण चार महिने एकाच जागी दबून राहिल्या तर त्याच्या पाकळ्या वाकड्या होतात.

काढलेला इम्पेलर कुठे ठेवायचा, याची जुन्या लोकांची एक रीत आहे. इंजिनाच्या किल्लीलाच तो दोऱ्यानं बांधतात, म्हणजे पावसाळ्यानंतर कुणी घाईघाईनं कोरडा पंप फिरवू शकत नाही. खंडेनवमीला पाना-पेचकसांची पूजा होते आणि इंजिनाला झेंडूची माळ पडते, तेव्हा किल्लीवर आधीच एक काळं रबरी फूल लटकत असतं.