निकाहाआधी रक्त तपासा

कसबा पेठेत आमच्याकडे सोयरीक जमली की हॉलची, दागिन्यांची चौकशी होते, रक्ताची नाही. बीटा थॅलेसेमियात हिमोग्लोबिनच्या जनुकात कधी डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, कधी 619 अक्षरांचा तुकडाच गळालेला. सदोष जनुक एकच असेल तर माणूस ठणठणीत. तो फक्त वाहक. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका, आणि अशा बाळाला वरचेवर रक्त चढवावं लागतं. चुलत-मामेभावंडांत तोच दोष आजोबांकडून दोघांकडे येऊ शकतो. (सिंधी समाजातही हा आजार बराच आहे, बोट फक्त आपल्याकडे नको.)

एचबीए-टू चाचणीचं बोललो तेव्हा खाला चिडली, ‘‘माझ्या मुलीत खोट काढतोस?’’

म्हटलं, ‘‘खाला, आधी माझं रक्त देतो.’’