मोठे होण्याची घाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विद्वत्तेचे भाषण मला जमणार नाही. मी बोलणार आहे ती आपल्या घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलींविषयी.

सीताबर्डीवर त्या वयाच्या मुलीसाठी फ्रॉक मागून पाहा. पुष्कळदा समोर येते ती मोठ्या बाईच्या पोशाखाची लहान प्रत. आमच्या गल्लीतली चौथीतली एक पोर परवा घरी आली. मी शेवयांची खीर पुढे ठेवली, तर म्हणते, "नको आजी, मी जाड दिसते." अंगावर मूठभर मांस नाही! आईने तिला असे कधी म्हटलेले नाही. मी खोदून विचारले, तेव्हा कळले की फोनवरच्या नाचणाऱ्या मुली पाहून तिने आपले आपण ठरवले.

कोणी म्हणेल, आमच्या वेळी असे नव्हते. भगिनींनो, घाई तेव्हाही होती. आपल्या विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. खेळ किती गोड! पण त्या गाण्यांत सासर-माहेर इतके का? कारण ती म्हणणाऱ्या पोरी खेळाच्या वयातच सासरी जात. १९२९ साली सारडा कायदा झाला, तेव्हा मुलीच्या लग्नाचे वय ठरले १४. ते १८ व्हायला १९७८ साल उजाडले. मध्यंतरी, २० जुलै १९४२ रोजी, आपल्याच नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली. तिथे डॉ. आंबेडकरांनी आयांना कळकळीने सांगितले की, मुलांच्या लग्नांची घाई करू नका.

तेव्हाची घाई वडीलधारी माणसे करीत आणि मुलगी मुकाट्याने सोसत असे. आजची घाई दुकान आणि पडदा करतात, आणि मुलीला वाटते की ही आपलीच आवड. म्हणून ती ओळखणे अधिक कठीण. ज्याला विकायचे आहे, त्याला आपल्या रूपावर समाधानी असलेली मुलगी परवडत नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आले. त्यातला 'फेअर' शब्द जायला २०२० साल उजाडावे लागले. तोवर किती सावळ्या लेकी आरशासमोर खट्टू झाल्या असतील!

नटण्याला माझा विरोध नाही. आईची साडी गुंडाळून घरघर खेळणे निराळे. तो खेळ पोरीचा स्वतःचा. कंटाळा आला की साडी टाकून ती लगोरीला पळते. पण व्यासपीठावर उभे करून शृंगाराच्या गाण्यावर तिला मुरके मारायला लावणे, हा तिचा खेळ नव्हे. १८ जून २०१९ रोजी केंद्र सरकारलाही दूरचित्रवाहिन्यांना बजावावे लागले की, नाचाच्या कार्यक्रमांत मुलांकडून वयाला न शोभणारे हावभाव करून घेऊ नका. ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आहे.

पण सरकारी पत्रक आपल्या अंगणात पोहोचत नाही. तिथे आपणच आहोत. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे, काहीजणींना ती कडू लागेल तरीही. पुढील वर्षीच्या बालमेळाव्यात गाणे निवडताना आधी मुलीचे वय पाहावे. गाण्याचा अर्थ तिला उलगडून सांगताना आपल्यालाच संकोच वाटला, तर ते गाणे तिच्यासाठी नाही, एवढी साधी कसोटी पुरे. फेर आणि भुलाबाई यांना कार्यक्रमात जागा द्यावी. सासुरवासाच्या गाण्यांसोबत मुलींना ती का रचली गेली, हेही सांगावे.

आणि घरी कुणाची लेक आली, तर "किती छान दिसतेस" यापाशी थांबू नये. काय वाचलेस, झाडावर चढता येते का, असेही विचारावे. ती खीर नको म्हणणारी पोर आता संध्याकाळी माझ्याकडे पत्ते खेळायला येते. अजून खीर खात नाही. पण हरली की रडते आणि जिंकली की ओरडते. ते ऐकून मला बरे वाटते. नऊ वर्षांच्या मुलीने तसेच ओरडावे.