आधी आम्ही शिकलो फुटबॉल

अंतरवाली सराटीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आमच्या मुली शाळेत फुटबॉल खेळू लागल्या. आम्हाला त्यातलं काही कळेना, म्हणून "पुरे आता, घरी चल" एवढंच आम्ही म्हणायचो. मग एका बैठकीत त्यांनाच शिकवायला बसवलं.

एका संघात ११ जणी. गोलरक्षक गोलपुढं, आपल्या चौकटीत चेंडूला हात लावायची मुभा फक्त तिला. तिच्यापुढं बचाव करणाऱ्या, मध्ये चेंडू पुढं पोचवणाऱ्या, सगळ्यात पुढं गोल मारणाऱ्या. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, की दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकायचा. ४५-४५ मिनिटांचे दोन भाग. पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, लाल म्हणजे मैदानाबाहेर. ऑफसाइड समजायला मात्र दोन बैठका लागल्या!

२०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला. मग पाळी आली की आपल्या पोरीचा खेळ बंद का?

गोल मारणारीचं नाव होतं. पण मागं राखणारी नसेल तर सामना जातो. मुलींच्या मागं आपण उभ्या राहू या.