दोर धरणारे हात



मे 2019 मध्ये आपल्या सुरतच्या अदिती आणि अनुजा वैद्य या दोघी बहिणी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्या. शिखराची उंची 8,848 मीटर. आणि हे शहर तापीच्या गाळावर वसलेलं, अगदी सपाट. इथल्या पर्वत पाटिया भागातल्या कुठल्याही गच्चीवरून पाहा, दिसतात इमारती आणि कापड मार्केटं. तरीही इथल्या मुलींना डोंगर परका वाटला नाही.

धुळे, जळगाव, नंदुरबारहून पोटापाण्यासाठी इथे आलेल्या घरांना तर तो मुळीच परका नाही. बागलाणात, डांगच्या सीमेजवळ साल्हेर उभा आहे. उंची 1,567 मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला. 1672 मध्ये त्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तो दाखल झाला. पायांना चढणीची सवय लावायला साल्हेर उत्तम.

दोर बांधून कातळ चढायला शिकायचं असेल तर माउंट आबू. गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था तिथे तरुणांना हे शिक्षण देते. आबूचा ग्रॅनाइट खरखरीत असतो, बुटाचं रबर त्याला धरून राहतं. पण नवखी मुलं हातांनीच अंग वर ओढू पाहतात आणि थोड्याच वेळात त्यांचे हात भरून येतात. वजन पायांवर घ्यायचं, हातांनी फक्त तोल सांभाळायचा, हे कातळावरच उमगतं.

खाली उभं राहून दोर सांभाळण्याला ‘बिले देणं’ म्हणतात. चढणाऱ्याच्या हार्नेसला बांधलेला दोर वरच्या अँकरमधून फिरून खालच्या साथीदाराच्या बिले उपकरणात येतो. वरचा घसरला, तर खालचा त्याला थोपवतो. म्हणून दोर आवळणारा हात दोरावरून क्षणभरही सुटायचा नसतो. चढण्याआधी दोघं एकमेकांचं बक्कल, आठची गाठ आणि कॅराबिनरचं लॉक तपासतात. वर्गात कोणाचा कितवा नंबर, हे तिथे कोणी विचारत नाही.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने 15 मीटरची भिंत 4.75 सेकंदांत चढून सुवर्णपदक जिंकलं. शाळेच्या सहलीत मात्र एवढ्या उंचीला अर्धा तास लागला तरी चालेल. घाबरून अर्ध्यातून उतरणाऱ्या मुलालाही खालून टाळ्या मिळाल्या पाहिजेत.

शाळेला एक मनापासून विनंती. पुढच्या हिवाळ्यात नववीच्या मुला-मुलींना प्रशिक्षित मार्गदर्शकांसोबत आबूला न्या. पावसाळा टाळा, ओला कातळ दगा देतो. हेल्मेटशिवाय कोणालाही कड्याखाली उभं करू नका. आणि पालकहो, मुलगी दोर बांधायला निघाली तर तिला अडवू नका. सुट्टी काढून सोबत जा आणि बिले द्यायला तुम्हीही शिका.

आजच्या सर्व बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचं अभिनंदन.