भीती १९४७ ची, कायदा १९९९ चा

राज्यभरातून आलेल्या घरमालक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपलं मनापासून स्वागत करतो. पहाटेच्या गाड्या पकडून लातूर, नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून आपण आलात. सभागृहात शेकडो फ्लॅटचे मालक कुणी नाहीत. निवृत्तीच्या पैशातून वन बीएचके घेतलेले शिक्षक आहेत, पतीच्या माघारी वरच्या मजल्याच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या ताई आहेत, लातूरला शिकवणीच्या मुलांना खोल्या देणारी कुटुंबं आहेत आणि जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकण्याच्या धंद्यात पहिलं पाऊल टाकणारे तरुणही आहेत. अशा माणसाचा एक व्यवहार चुकला की आयुष्यभराची पुंजी अडकते. म्हणूनच ही परिषद भरवावी, असं आम्हाला वाटलं.

आमच्या शहराला भाडेकरू नवा नाही. पेठांतल्या वाड्यांत एकेका खणात संसार झाले. आज सदाशिव आणि नारायण पेठेत एमपीएससीची मुलं कॉट बेसिसवर राहतात, तर हिंजवडी-खराडीच्या टॉवरमध्ये तीन मित्र मिळून एक फ्लॅट घेतात. पण वाड्यांनी आम्हाला एक भीतीही दिली, आणि आज मला मुख्यतः तिच्याविषयीच बोलायचं आहे.

'एकदा भाडेकरू आत शिरला की बाहेर निघत नाही,' हे वाक्य आपण प्रत्येकाने आजोबांकडून ऐकलं आहे. ती भीती खोटी नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं होतं. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहावं, हा हेतू चांगलाच होता. पुढे महागाई कितीतरी पटींनी वाढली, तरी ते भाडं हललं नाही. वाड्याचं कौल बदलायचं तर अख्ख्या वाड्याचं वर्षाचं भाडं पुरेना. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही आणि वाडे ढासळले. एकरकमी पैसे घेऊन जागा देण्याची पागडी याच कोंडीत फोफावली. १९७३ साली दुरुस्ती आली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ज्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा ताबा चालू होता, ते संरक्षित भाडेकरू ठरले. ज्यांनी 'हा फक्त परवाना आहे' या भरवशावर जागा दिली होती, त्यांचा करारावरचाच विश्वास त्या दिवशी उडाला. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं सांगितलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

तेव्हापासून पाव शतक उलटलं, तरी आपण आजोबांच्या भीतीनेच वागतो. कागदावर काही नको, म्हणजे भाडेकरूच्या हाती पुरावा नको, असं अनेकांना वाटतं. करारनाम्यांचं काम करणारा वकील म्हणून मी आपल्याला कळकळीने सांगतो, आजच्या कायद्यात नेमकं याच्या उलट घडतं. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं. ते खोडून काढायचं ओझं मालकावर येतं. म्हणजे ज्या कागदाला आपण घाबरतो, त्याच्या अभावानेच भाडेकरूचा शब्द वरचढ होतो.

याउलट राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदलेला असेल, तर मुदत संपताच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा असतो. मुदतीनंतर जागा अडवून ठेवणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. दिवाणी न्यायालयात तारखा मोजत बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी जवळचा आहे.

आणि खर्च? महिना १८ हजार भाडं, ५० हजार परत करायचं डिपॉझिट आणि ११ महिन्यांची मुदत धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के मानीव व्याजावर पाव टक्का, म्हणजे पाच-सहाशे रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. घरबसल्या अंगठा देऊन ऑनलाइन नोंदणी होते. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज कृपया इथेच सोडून जा. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. चांगला भाडेकरू मिळाला तर दर अकरा महिन्यांनी धावपळ कशाला? तीन वर्षांचा करार करा आणि दरवर्षीची वाढ त्यातच लिहून टाका. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवा, त्याची पावती करारासोबत ठेवा.

आता हिशेबाकडे येतो. आपल्यातले बरेच जण 'घरात पैसा घातला की वाढतोच' एवढ्याच भरवशावर कर्ज काढतात. समजा फ्लॅट ६० लाखांचा आहे आणि भाडं १८ हजार. एक महिना रिकामा गेला, तर हातात एक लाख ९८ हजार येतात. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १५ हजार, रंगकाम आणि किरकोळ दुरुस्ती १२ हजार वजा करा. उरले एक लाख ३५ हजार, म्हणजे सव्वादोन टक्के. बँकेची ठेवसुद्धा याहून अधिक देते. तेव्हा घर घेताना जागेची किंमत खरोखर कशाने वाढणार आहे आणि भाडं देणारा माणूस तिथे का राहायला येणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी शोधा. एमआयडीसी, मोठं रुग्णालय, महाविद्यालय, शिकवण्यांचा परिसर यांच्या चालत्या अंतरावरचा साधा वन बीएचके अनेकदा डोंगर दिसणाऱ्या टू बीएचकेपेक्षा पैशाला जास्त भाडं देतो. पुण्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. महापालिका राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, पण घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही.

भाडेवाढीचा हिशेबही मांडून पाहा. महिना दीड हजार वाढवण्यासाठी नीट राहणारं कुटुंब घालवलं, तर वर्षाला १८ हजार जास्त मिळतील. घर महिनाभर रिकामं राहिलं की तेवढेच १८ हजार जातात, शिवाय एजंटची दलाली वेगळी. म्हणून गळका पाइप त्याच आठवड्यात दुरुस्त करून देणारा आणि डिपॉझिट वेळेवर परत करणारा मालकच शेवटी जास्त कमावतो, असं माझं ठाम मत आहे.

जुना फ्लॅट घेऊन सुधारून विकू पाहणाऱ्या तरुणांना मी विशेष काळजीने सांगतो. ५० लाखांचा फ्लॅट घेतला, तर पुण्यात सात टक्के मुद्रांक म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. खरेदीची दलाली एक टक्का धरली तर ५० हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. स्वयंपाकघर, बाथरूम, वायरिंग आणि रंग यांवर चार लाख धरा. ३५ लाखांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज दोन लाख दहा हजार. मेंटेनन्स २४ हजार. विकताना दलाली ६० हजार. बेरीज जवळपास साडेअकरा लाख होते. म्हणजे फ्लॅट साडेएकसष्ट लाखांना विकला, तरी हाती काहीच उरत नाही. त्यापुढचा नफा २४ महिन्यांच्या आतला असेल तर तो आपल्या उत्पन्नात मिळून नेहमीच्या दराने कर लागतो. वारंवार असे व्यवहार केले, तर तो धंदा मानला जाऊ शकतो. हा मार्ग धरू नका असं मी म्हणत नाही. मात्र त्यातला नफा विकताना कमावता येत नाही, तो खरेदीच्या दिवशीच कमवावा लागतो. विक्रेता घाईत आहे, वारसांचा कागद अडला आहे, आत नुसती कळा गेली आहे पण इमारत भक्कम आहे, अशी घरं शोधा.

भक्कम आहे हे ओळखायला जुलै-ऑगस्टमध्ये जा. छताचे कोपरे, बाथरूमच्या मागची भिंत, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटची गळती, सगळं तेव्हाच दिसतं. इमारतीला १५ वर्षं झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. ३० वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ते व्हायला हवं. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे आहे का, हे टोकन देण्याआधी पाहा. 'इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे' या एका वाक्यावर किंमत वाढवून सांगितली जाते. कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर त्या वाक्याला फारसा आधार नाही. टोकनसुद्धा बँकेतूनच द्या-घ्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

करांचा तपशील दुपारच्या सत्रात येईलच. एकच सांगून ठेवतो, कारण पुण्यातल्या कितीतरी आई-वडिलांचा तो प्रश्न आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थायिक असेल आणि फ्लॅट त्यांच्या नावावर असेल, तर भाडेकरूला भाड्यातून ३० टक्क्यांहून अधिक कर कापून भरावा लागतो, भाडं कितीही लहान असो. कमी दराचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून मिळू शकतं. ते वेळेत काढा, म्हणजे भाडेकरू आणि तुम्ही दोघेही अडचणीत येणार नाही.

आता एक बोलायला अवघड गोष्ट. आडनाव विचारून, धर्म विचारून, एकटी राहणारी मुलगी आहे म्हणून घर नाकारलं जातं. सोसायटीचा दबाव आहे, असं आपण म्हणतो. सोसायटीला करार आणि भाडेकरूची माहिती कळवावी लागते. तिची परवानगी लागत नाही. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क आकारते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. २००१ सालच्या शासन आदेशाने ते ठरलं आणि उच्च न्यायालयाने ते कायम केलं. कायदा आपल्या बाजूने असताना, परक्या गावात शिकायला आलेल्या लेकराला दारातून परत पाठवणं या पुण्याला शोभत नाही.

स्वागत समितीतर्फे परिषदेपुढे एक ठराव मांडत आहे. कलम २४ चे अर्ज ऐकणारं सक्षम प्राधिकाऱ्याचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी पुरेशा मनुष्यबळासह असावं आणि अर्जाच्या निकालाला ठरावीक कालमर्यादा असावी. दूरच्या जिल्ह्यातल्या एकट्या बाईला तिचं स्वतःचं घर परत मिळवण्यासाठी शहराच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत. संध्याकाळच्या खुल्या सत्रात यावर मोकळेपणाने बोला, दुरुस्त्या सुचवा. कराराची तपासणी करून द्यायला वकील मंडळी तळमजल्यावर दिवसभर बसणार आहेत. जुने, कच्चे, नोटरीवरचे कसलेही करार घेऊन निःसंकोच जा.